अठ्ठेचाळीस केबीतले मामा: कॉम्प्युटर तेव्हाचे आणि आत्ताचे

टेपवाला

परवा साडेनऊला मीटिंग होती. नऊ पंचवीसला लॅपटॉप उघडला तर पडद्यावर चकली गोल गोल फिरायला लागली आणि खाली सूचना, 'कॉम्प्युटर बंद करू नका'. अरे, मी अजून चालू कुठे केलाय! चकली ४० टक्क्यांवर पोचली तेव्हा तिकडे माझ्या नावानं शंख सुरू झाला होता. मी गुपचूप चहा टाकला आणि मला मामाचा स्पेक्ट्रम आठवला.

१९८७ ची मे महिन्याची सुट्टी. मामानं डीबी स्पेक्ट्रम प्लस घेतला होता. म्हणजे इंग्लंडच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरची भारतात परवान्यानं निघालेली आवृत्ती, डेसिबेल्स कंपनीची. मूळ स्पेक्ट्रम १९८२ चा, खोडरबरासारख्या बटणांचा. प्लसची बटणं जरा बरी, कडक प्लास्टिकची होती. आत ४८ केबी मेमरी आणि १६ केबीची रॉम, म्हणजे चिपमध्ये कायमचं कोरलेलं सॉफ्टवेअर. बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा, टेप वाचणं, पडद्यावर लिहिणं, बीप वाजवणं, सगळं त्या सोळा केबीत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायची तर तीच. खटका दाबला की दोन-तीन सेकंदांत हजर. पडदा म्हणून जोडलेला मामाचा टीव्ही गरम व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागायचा.

आणि समोर काय यायचं? काहीच नाही. पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअरचं नाव आणि साल. एखादं बटण दाबलं की लुकलुकणारा 'के'. 'बोला, काय करू?' एवढाच त्याचा अर्थ. 'पी' दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटायचा, 'जे' दाबलं की 'लोड'.

मग टेपरेकॉर्डर, कारण गेम कॅसेटवर असायचे. आवाज पाऊणपट. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे आणि लांबलचक शिट्टी, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आणि ती कान किटवणारी खरखर. मोठा गेम यायला पाच मिनिटं. साडेचार मिनिटं झाल्यावर 'टेप लोडिंग एरर' आलं की मामा घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर काढायचा आणि टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवायचा. आवाज जास्तीत जास्त चरचरीत झाला की हेड बरोबर बसलं. हे मी कानानं शिकलो, अकराव्या वर्षी.

माझ्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी मेमरी आहे. स्पेक्ट्रमच्या पावणेदोन लाख पट. तरीही साडेनऊच्या मीटिंगला मी मुकलो. प्रश्न एवढाच की मधल्या चाळीस वर्षांत नक्की सुधारलं काय?

खिडकीतली_मांजर

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

नाठाळ

आला, 'आमच्या वेळी' धागा आला. पाच मिनिटं टेप वाजवून शेवटी एरर येणाऱ्या यंत्राची आठवण काढून तुम्ही चकलीला नावं ठेवताय. चकली पूर्ण तरी होते हो!

कोबोलकर

नाठाळशी चक्क सहमत. (तारीख लिहून ठेवा.)

मी १९८९ पासून ऑफिसात टायपिंगला वर्डस्टार हे सॉफ्टवेअर वापरलं. दोन फ्लॉपी ड्राइव्ह, ए मध्ये प्रोग्राम, बी मध्ये आपलं काम. माउस नव्हता. हात कळफलकावरून हलायचेच नाहीत. कंट्रोल धरून ई-एस-डी-एक्स, म्हणजे वर-डावी-उजवी-खाली. त्याची सवय ज्यांना लागली त्यांना अजून बाकी सगळं लंगडं वाटतं, मलाही वाटतं. पण एकदा दुपारी तीन पानांचं टिपण टाइप करून झालं, साहेबांना 'आणतोच' म्हणालो आणि दिवे गेले. आपोआप सेव्ह होणं हा प्रकार नव्हता. गेलं ते गेलं. त्या दिवसापासून दर दोन ओळींनी कंट्रोल-के-एस. आज निवृत्त होऊन सात वर्षं झाली, सगळं आपोआप सेव्ह होतं, तरी डाव्या करंगळीचा विश्वास बसत नाही. किराणा मालाची यादी करतानासुद्धा ती कंट्रोलकडे धावते.

अल्गोरिदमावशी

माझा हा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावते. (आणि मावशी हे नुसतं नाव आहे, मी चौतिशीची आहे. प्रतिसादांत 'मावशी नमस्कार' लिहू नये.)

'मेमरी जाते कुठे' ते साध्या हिशोबानं बघा. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. रंग प्रत्येक ठिपक्याला नाही, आठ गुणिले आठच्या चौकोनाला दोनच. म्हणून हिरवा राक्षस पिवळ्या भिंतीजवळ गेला की भिंतही हिरवी व्हायची. या काटकसरीमुळे अख्खं चित्र ६९१२ बाइटांत बसायचं. आज साध्या एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला चार बाइट. म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० बाइट. नुसतं एक चित्र धरायला जवळजवळ १६९ स्पेक्ट्रमची मेमरी लागते, अजून एकही प्रोग्राम चालू न करता.

दुसरं, शेजारधर्म. स्पेक्ट्रमवर एका वेळी एकच प्रोग्राम, आणि तोच घराचा मालक. चुकून भलत्या जागी आकडा घातला की यंत्र गार. आज तुमचा ब्राउझर कोसळला तर गाणं चालू राहतं, कारण प्रत्येक प्रोग्रामला वेगळी खोली आहे आणि मध्ये भिंती आहेत. भिंतींना विटा लागतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. टेपवाले, मामाच्या स्पेक्ट्रमवर 'दऱ्या' लिहून दाखवा. 'दर्या' नव्हे, 'दऱ्या'. समुद्र नको, डोंगरातल्या हव्यात. हे दोन शब्द वेगळे दिसावेत म्हणून फाँटमध्ये वेगळी आकृती लागते, आणि कुठला 'र' कुठे बसवायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर लागतं. 'कि' मधली वेलांटी 'क' नंतर टाइप होते पण दिसते आधी. 'अर्क' मधला 'र' टाइप होतो आधी आणि जाऊन बसतो 'क'च्या डोक्यावर. साध्या देवनागरी फाँटची फाईलच शंभर-दोनशे केबीच्या घरात जाते. म्हणजे तुमच्या त्या आटोपशीर यंत्रात आपली लिपी मावतच नव्हती. आटोपशीर असणं त्याला परवडत होतं, कारण त्यानं आपल्याला बाहेर ठेवलं होतं.

खिडकीतली_मांजर

शेवटच्या वाक्याला टाळ्या. रुमाल तसाच असू द्या.

टेपवाला

शेवटचं वाक्य लागलं. पण अगदीच बाहेर ठेवलं नव्हतं हो. खिडकीतून आत शिरायला जागा होती.

स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरं आपण स्वतः काढू शकायचो. आठ गुणिले आठचा चौकोन, प्रत्येक ओळ म्हणजे शून्य आणि एकाचे आठ आकडे. मामानं चौकटीची वही काढली आणि आम्ही 'म' काढला. माझ्याकडे ते पान अजून आहे:

११११११११
००१०००१०
००१०००१०
००१०००१०
०११११११०
१०१०००१०
०१००००१०
००००००१०

डोळे बारीक करून एकचे आकडे तेवढे बघा, दिसेल. वरची ओळ पूर्ण भरली की शेजारच्या अक्षराची शिरोरेषा आपोआप जुळते, हा शोध माझा. दुसरा चौकोन कान्याचा. दोनच चौकोन करून कंटाळलो होतो, त्यामुळे स्पेक्ट्रमवर आमचा पहिला मराठी शब्द झाला 'मामा'. त्या दुपारी मामानं अर्ध्या वाड्याला बोलावून दाखवला.

मामी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायची. हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "आणि मामी कधी?"

तिथेच घोडं अडलं. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, आणि आमची शिरोरेषाच चौकोनाच्या छताला टेकलेली. वेलांटीसाठी वरच्या ओळीत आणखी एक चौकोन हवा, म्हणजे प्रत्येक शब्द दोन मजली. सगळी अक्षरं नव्यानं, बुटकी काढायची तर 'म'चं पोट जायचं. आठ दिवस खटपट केली, मग सुट्टी संपली. मामी राहूनच गेली.

तेव्हा मावशी (सॉरी), तुमचं म्हणणं मान्य. मेमरी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण दुसरी एक गोष्ट सांगतो. मेमरीतल्या २३६०९ क्रमांकाच्या खान्यात शंभर हा आकडा टाकला की बटण दाबल्यावरचा बारीक 'टिक' जाऊन लांब 'पीप' यायचा. त्या खान्यात काय आहे हे विचारायला, बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. अकरा वर्षांच्या पोरालासुद्धा नाही. आता मी पन्नाशीचा आहे आणि माझ्याच लॅपटॉपवर 'तुम्हाला अधिकार नाहीत, प्रशासकाशी संपर्क साधा' असं येतं. अहो, मीच प्रशासक आहे!

जोशीकाका

अधिकार का काढून घेतले याची एक हकिगत.

१९९० च्या सुमारास भारतात एक व्हायरस सापडला, नाव 'जोशी'. खोटं वाटत असेल तर शोधा. फ्लॉपीच्या किंवा हार्ड डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसायचा, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी जिथलं वाचलं जातं तिथे. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला मशीन चालू केलं की ते अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला सांगायचं. निमूट टाइप केलं की पुढे चालू.

आमच्या ऑफिसात मी एकटाच जोशी. साहेब चार दिवस माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होते. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो हे सांगूनही उपयोग नाही. त्यानंतर फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावल्याशिवाय कुणी मला फ्लॉपी देईना. खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही, म्हणून.

अल्गोरिदमावशी

काका, हे भारी! आणि मुद्द्याला धरून आहे. डॉसच्या (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम) मशीनचा बूट सेक्टरवर आंधळा विश्वास. जे पहिलं सापडेल ते चालवायचं, कुणी लिहिलं हे विचारायचं नाही. आज विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटवालं (चालू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारं) मशीन लागतं म्हणून लोक चिडतात, चांगली मशीन बाद झाली म्हणून. चिडणं रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरी धडधाकट लॅपटॉप 'म्हातारे' ठरले. पण दारावरचा तो वॉचमन अशा जोशींमुळेच आला.

नाठाळ

म्हणजे एका जोशीमुळे सगळ्या सोसायटीला आयडी कार्ड. ओळखीचं वाटतंय.

बेंगळुरी_पुणेकर

उशिरा आलो. तुमच्या धाग्यात बीबीसी मायक्रो नाही हे बघून राहवलं नाही.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढली, शाळांमध्ये कॉम्प्युटर साक्षरतेसाठी. त्यात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले. आमच्या शाळेत आले तेव्हा त्या खोलीला पडदे लागले, वातानुकूलन लागलं आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. एका मशीनवर तिघं. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा स्पेसबार यायचा.

३२ केबी मेमरी. सगळ्यात बारीक चित्राचा मोड निवडला तर त्यातले २० केबी पडदाच खायचा, उरलेल्या बारा केबीत तुमचा संसार. पण त्या बीबीसीचं बेसिक काय देखणं होतं! प्रोग्रामच्या तुकड्यांना नावं देऊन प्रोसीजर लिहा, मध्येच थेट प्रोसेसरच्या भाषेतली असेंब्ली लिहा, सगळं एकाच प्रोग्राममध्ये. ते लिहिलं सोफी विल्सन यांनी. याच विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम हा प्रोसेसर रचला, आणि त्याचा नमुना आधी बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासला होता. पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालली. आता तुम्ही हा धागा फोनवर वाचत असाल तर आत त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. मी बेंगळुरात त्याच घराण्याच्या चिपांवर भाकरी कमावतो, त्यामुळे हे जरा भक्तिभावानं लिहितोय.

त्या घराण्याची रिस्क ओएस नावाची सिस्टीम अजून जिवंत आहे. मी ती रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिली. काही सेकंदांत चालू, माउस हलवायच्या आत खिडकी उघडते. दोन दिवस मुलाला बोलावून बोलावून दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी एक प्रोग्राम अडकला आणि सगळंच अडकलं. तिथे प्रोग्राम एकमेकांना आपण होऊन वाट देतात, एखाद्यानं नाही दिली तर वाहतूक ठप्प. एकेरी पुलावर समोरून ट्रक आल्यासारखं. मुलगा म्हणाला, "बाबा, हेच का तुमचं फास्ट?"

कोबोलकर

अपडेटच्या बाबतीत मात्र मी टेपवाल्यांच्या बाजूनं. १९ जुलै २०२४ आठवा. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहीत होते. रॉममध्ये कोरलेली सिस्टीम रात्रीत कुणाला बिघडवता येत नव्हती. आणि एकदाच कोरायची म्हटल्यावर लोक तपासून कोरायचे.

अल्गोरिदमावशी

तपासून कोरायचे हे तितकंसं खरं नाही. स्पेक्ट्रमच्या रॉमचं काम पूर्ण व्हायच्या आत यंत्र बाजारात गेलं. त्या १६ केबीत हजारावर बाइट रिकाम्याच राहिल्या. उणे ६५५३६ या आकड्याशी तिच्या पूर्णांकांच्या गणिताचं कधीच जमलं नाही, उत्तर चुकायचं. आणि ते चुकतच राहिलं, कारण घरोघरी जाऊन चिप कोण बदलणार?

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे तुमच्या पदरात टाकते, माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन. डॅन लू नावाच्या प्रोग्रामरनं २०१७ मध्ये मोजमाप केलं होतं, बटण दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ जातो याचं. १९८३ चा ॲपल टू-ई ३० मिलिसेकंद. त्याच्या यादीतली कितीतरी नवी मशीन शंभराच्या वर. बटणाचा संदेश आता कळफलकातली चिप, यूएसबी, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्राम, खिडक्या रचणारं सॉफ्टवेअर, पडदा असा टेबलाटेबलावरून सही घेत जातो. ॲपलमध्ये एकच टेबल होतं. त्यामुळे 'तेव्हा झटकन व्हायचं' हा निव्वळ भास नाही.

कोबोलकर

टेबलांचं मला सांगू नका, मी बत्तीस वर्षं त्यातलंच एक टेबल होतो.

लिपीवरून आठवलं. सीडॅक या सरकारी संस्थेचं गिस्ट कार्ड कुणी वापरलंय का? पीसीत बसवायचं, की त्याच डॉसवर, त्याच डीबेसमध्ये (माहितीचे तक्ते ठेवायचा प्रोग्राम) देवनागरी दिसायची. प्रोग्रामला पत्ताच नसायचा की आपण मराठीत बोलतोय. पहिल्यांदा पडद्यावर 'आडनाव' हा रकाना मराठीत दिसला तेव्हा आमचे एक वरिष्ठ कारकून खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. मेमरी वाढवून नव्हे, एक आख्खं कार्ड जोडून लिपी आणावी लागली. हा मुद्दा अल्गोरिदमावशींच्या खात्यात जमा करावा.

खिडकीतली_मांजर

मी १९९८ ची. माझ्यासाठी जुनं म्हणजे विंडोज एक्सपी आणि त्यातली हिरवी टेकडी. तुमच्यासारखी खान्यात आकडे टाकायची हौस मला कधीच नव्हती, मला फक्त गोष्टी लिहायच्या होत्या. कळफलक मराठी केला आणि लिहायला लागले. कॉम्प्युटर आतून बघावा असं कधी वाटलं नाही. टेपवाल्यांचा 'म' बघून पहिल्यांदा वाटलं. आत्ता वहीवर 'ज' काढला. आठात बसत नाहीये.

टेपवाला

'ज'चा खालचा बाक सातव्या ओळीत वळवा, जमेल.

रविवारी मामाकडे गेलो होतो. मामा आता शहात्तरचा. ब्राउझरमध्ये स्पेक्ट्रमचा इम्युलेटर, म्हणजे हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, उघडून दिला. म्हणजे शेकडो एमबी खाणाऱ्या ब्राउझरच्या पोटात ४८ केबीचं यंत्र, हत्तीच्या अंबारीत मुंगी बसवल्यासारखं. मामानं 'पी' दाबलं, 'प्रिंट' उमटलं, आणि तो असा हसला की चकलीचा राग अर्धा गेला. मग विचारतो, "आणि टेप?" टेप लागत नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला. स्क्रूड्रायव्हर देवघराच्या ड्रॉवरमधून काढून आणला होता.

चौकटीची वही घेऊन आम्ही दोन मजली 'मामी' केली. 'म' आणि कान्याचे आकडे जुन्या पानावरचे, वेलांटीचे वरच्या मजल्यावर नवीन. तासभर गेला. मामीला हाक मारली. ती चष्मा लावून आली, पडद्याजवळ वाकली.

"वेलांटी हवेत लोंबकळतेय रे. टेकव तिला शिरोरेषेला."

बरोबर होतं. वरच्या चौकोनाची शेवटची ओळ आम्ही रिकामी सोडली होती. दुरुस्त करत होतो तेवढ्यात लॅपटॉपनं विचारलं, आत्ता रीस्टार्ट करू की रात्री?

नाठाळ

मग? झाली का मामी?

टेपवाला

रात्री म्हटलं. झाली.